गळ्याखालची पिशवी

आमच्या म्हशीचं नाव मी लिहिणार नाही. तिचं आणि माझ्या मावससासूबाईंचं नाव एकच आहे. म्हैस ते नाव घेऊनच म्हसा गावच्या जत्रेतून आमच्याकडे आली, त्यात आमचा काडीचा दोष नाही, हे मावससासूबाईंना अजून पटलेलं नाही. तेव्हा तिला नुसतं म्हैसच म्हणू. म्हशीला, म्हणजे.

माझ्या सासऱ्यांना जनावरातलं कळतं. माझ्या वडिलांनाही जनावरातलं कळतं. आमच्या दोन्ही घरांचं खरं दुखणं हेच आहे. सासर मुरबाडहून म्हशाकडे जाताना लागतं आणि माहेर खर्डीच्या पुढे, म्हणजे दोन परीक्षकांमध्ये दोन तालुके आहेत. एवढं अंतर बरं आहे. पण पौषात म्हशाची जत्रा भरली की दोघे समोरासमोर येतात, आणि बैलांच्या रांगेत व्याह्या-व्याह्यांची जी काही सभ्य भाषेतली भांडणं होतात, ती ऐकायला माणसं भज्यांचा घाणा सोडून येतात.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. बाबांशिवाय आमच्या पंचक्रोशीत कोणी जनावर घेत नाही. ते दात बघतात, शेपूट ओढतात, अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतात, दहा पावलं चालवून बघतात, आणि मग फक्त "घे" किंवा "नको" म्हणतात. मोबदला एक कप चहा. त्यांचा एक नियम असा की दिवे लागले की जनावर बघायचं बंद. "दिव्याखाली म्हातारी म्हैस बी नवरी दिसते," असं ते म्हणतात. विकणारे मुद्दाम पिवळे बल्ब लावून जनावराच्या पाठीला तेल चोळतात, म्हणून बाबा सूर्य कलला की टोपी नीट करतात आणि घरी येतात.

ही म्हैस त्यांनी स्वतःसाठी भर दुपारी घेतली होती. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, आपली टोपी सावरत तिथल्या तिथे तिच्या खांद्याजवळचा भोवरा बोटाने दाखवला आणि म्हणाले, "व्याही, भोवरा उलटा हाय. वरीस काढायची नाय ही."

बाबांनी आधी चहा संपवला. मग चारचौघांत म्हणाले, "पुढल्या जत्रेला हीच म्हैस, हितंच, ह्याच खुंट्याला उभी करीन. नाय केली तर डोक्याला टोपी लावणार नाय."

मी तिथेच पापड कुरडया बघत उभी होते. कोणाच्या बाजूने मान हलवावी ते कळेना, म्हणून मी पापडवालीकडे बघून हलवली. तिला वाटलं मला पाच डझन पापड हवेत.

बाबांची टोपी ही साधी गोष्ट नाही. लग्न होऊन मला अकरा वर्षं झाली, पण मी त्यांचं डोकं पाहिलेलं नाही. आंघोळीला जाताना टोपी डोक्यावर, बाहेर येताना टोपी डोक्यावर. मधे काय होतं ते सासूबाईंनाच ठाऊक, आणि त्या सांगत नाहीत.

तर म्हैस आली आणि बाबांनी तिची अशी काही बडदास्त ठेवली की विचारू नका. आमच्याकडे आणखी तीन जनावरं होती. ती आपली माळावर चरायची आणि गोठ्यात पेंढा खायची. ह्या बाईसाहेबांना मात्र पेंढा नाही. फाल्गुनात सगळा मुलूख वाळून करपला, तेव्हा बाबा रोज विळा घेऊन ओहोळाच्या डोहापर्यंत जायचे. तिथे पाण्याच्या कडेला तेवढं हिरवंगार गवत असतं. ते अगदी बुडख्यापासून कापून, ओलंकंच, डोक्यावर भारा घेऊन यायचे आणि एकट्या तिलाच घालायचे. दुसऱ्या म्हशीने मान लांबवली तर तिच्या नाकावर चापट बसायची. एकदा आमचे हे म्हणाले, "बाबा, मला कधी एवढ्या प्रेमानं जेवायला वाढलं नाय." बाबा म्हणाले, "तुझ्यावर कोणी पैज लावली नाय."

पाऊस गेला, भातं कापून झाली, आणि कार्तिकात एका संध्याकाळी म्हशीच्या जबड्याखाली एक गोळा दिसला. आंब्याएवढा, मऊ, लोंबता. सकाळी बघावं तर निम्मा झालेला. संध्याकाळी चरून आली की पुन्हा आंबा.

दुसऱ्या कोणी डॉक्टरला बोलावलं असतं. बाबांनी तीन दिवस गोठ्यात बसून निरीक्षण केलं. चौथ्या दिवशी त्यांनी ओसरीवर येऊन आम्हाला निष्कर्ष ऐकवला.

"साठवण हाय," ते म्हणाले. "माकड गालात चणे ठेवतंय का नाय, तशी ही गळ्याखाली चारा ठेवते. दिवसा भरते, रातच्याला रवंथ करून उतरवते. म्हणून सकाळी पिशवी रिकामी. लई हुशार जात हाय."

सासूबाई म्हणाल्या, "मग दूध का कमी झालं?"

"पिशवी भरायला लागतंय ना गो सगळं."

मी प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली बाई. मुरबाडच्या बाजारपेठेत एका लॅबमध्ये माणसांचं रक्त-लघवी तपासते. मला तिथल्या तिथे बोलायला हवं होतं, पण मी बोलले नाही. त्या म्हशीत खोट आहे असं घरात पहिल्यांदा म्हणणारी बाई, आणि तिचा बाप कोण? तर उलटा भोवरा दाखवणारा. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत त्याच्यावर खर्डीचा शिक्का बसला असता. मी भाजी चिरत राहिले.

बाबांनी मात्र ती पिशवी गावभर नेली. बाजारच्या दिवशी मुरबाडात, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या पायरीवर, एका बारशातसुद्धा. जनावर घ्यायचं तर गळ्याखाली पिशवी बघून घ्या, जुन्या जाणत्यांना हे ठाऊक होतं, मधल्या काळात लोक विसरले, असं ते सांगायचे. जुने जाणते कोण, असं कोणी विचारलं नाही. बाबा म्हणताहेत म्हटल्यावर विचारणार कोण?

एकदा दादांचा फोन आला. तब्येतपाणी झालं, भात किती झालं ते झालं, आणि मग एकदम सहज आठवल्यासारखं, "ते व्याही कायतरी पिशवीचं सांगत फिरतात म्हणं. खरं असतंय का गो तसं?"

"कायतरीच काय दादा," मी हळूच म्हणाले, कारण बाबा शेजारी बसले होते.

"नाय, मला काय करायचंय," दादा म्हणाले. "आपलं इचारलं."

मार्गशीर्ष लागला तशी म्हशीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेण पातळ झालं. एका सकाळी बाबा दूध घालायला डेअरीवर गेले असताना मी गोठ्यात शिरले आणि त्या पिशवीत बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. चाऱ्याने भरलेल्या पिशवीत खळगा राहत नाही, तो पाण्याने राहतो. रक्त पातळ झालं की जबड्याखाली पाणी उतरतं, आणि दिवसभर मान खाली घालून चरलं की जास्त उतरतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. सुईसुद्धा न टोचता मला निदान दिसत होतं, आणि मी महिनाभर मेथी निवडत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

मी गोळ्या ठेवायच्या डबीत शेण घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

शेणातली जड अंडी बघायची रीत सोपी आहे. चमचाभर शेण भरपूर पाण्यात कालवायचं, गाळायचं, ठेवून द्यायचं. जड असतं ते तळाला बसतं. वरचं पाणी ओतून द्यायचं, नवीन घालायचं, पुन्हा ठेवायचं. पाणी नितळ होईपर्यंत असं करत राहायचं आणि शेवटी तळाचा एक थेंब काचेवर. ह्यासाठी मी बाजारातून चहाची नवी गाळणी घेतली. ती सासूबाईंनी माझ्या पिशवीत पाहिली, कशाला म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं. बाबांना सांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली आणि पाळलीही. पण गफलत नको म्हणून त्यांनी घरातल्या गाळणीच्या दांड्याला लाल दोरा बांधला आणि तरीही आठ दिवस चहा शेजारी जाऊन प्यायल्या.

काचेवर अंडी होती. मोठी, लांबट, एका टोकाला बारीकसं झाकण. चपट्या जंताची, यात शंका नाही. पण चपटा जंत कोणता? आमच्या भागात दोन असतात. एक पोटात राहतो, डाळिंबाच्या दाण्यासारखा. दुसरा काळजात, म्हणजे यकृतात राहतो, पानासारखा पसरट, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याला पर्णकृमी म्हणतात. दोघांची अंडी जुळ्या बहिणी. फरक रंगाचा. पोटातल्याचं अंडं काचेसारखं बिनरंगी, काळजातल्याचं सोनेरी पिवळं. आणि आमच्या लॅबच्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा गेल्यावर वायरमनने जो बल्ब बसवला होता, त्यात सगळंच सोनेरी पिवळं दिसायचं. माझी नखंसुद्धा.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, येतो, पण कोणता ते कळलं तर औषध नेमकं देता येईल, नीट बघून लिहून ठेवा.

लिहून ठेवायचं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये. आमच्या लॅबच्या कॉम्प्युटरला माणसाशिवाय कोणी आजारी पडतं हे माहीत नाही. नावाच्या जागी मी म्हशीचं नाव घातलं. लिंग, स्त्री. वय, सहा. सहा वर्षं म्हटल्याबरोबर त्याने नावाच्या आधी आपणहून "बेबी" लावलं. खाली निष्कर्ष: चपट्या कृमीची अंडी आढळली, जात निश्चित नाही. आणि त्याच्याखाली, प्रत्येक शौच तपासणीच्या कागदावर येते ती छापील सूचना: पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे खाणे टाळावे.

कागद पर्समध्ये घडी करून ठेवला. तो बाबांनाच सापडला, कारण त्यांना सुट्टे पैसे हवे होते.

ते कागद घेऊन ओसरीवर बसले. चष्मा लावून दोनदा वाचलं. "बेबी," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांना ते आवडलं असावं. मग चेहरा बदलला. "खर्डीला दाखवलास का हा कागद?"

"नाही बाबा."

"तुझ्या बापाचा फोन आला होता."

"पिशवीचं विचारत होते."

"बघ," बाबा म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला. "कागदावर माझा इश्वास नाय. जनावर डोळ्यानं बघायचं असतं. मला दाखव ती अंडी."

दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून, इस्त्रीची टोपी घालून लॅबमध्ये आले. बाकावर रक्त द्यायला बसलेली माणसं सरकली. मी काच लावून दिली. बाबांनी एक डोळा मिटून दुसरा लावला, मग दोन्ही मिटले, मग मी त्यांची मान धरून नीट केली, तेव्हा त्यांना दिसलं.

"काय बघायचं हाय?"

"रंग. पिवळा असला तर काळजातला. बिनरंगी असला तर पोटातला."

"आणि तू ह्या दिव्याखाली रंग बघतेस?"

मी वायरमनच्या बल्बकडे बघितलं.

"अकरा वरसं माझ्या घरात हायस," बाबा म्हणाले. "दिव्याखाली जनावर बघायचं नाय, हे तुला कोणी शिकवलं नाय? उन्हात घे."

आमच्या लॅबच्या डॉक्टरांच्या शिकण्याच्या काळातला एक जुना सूक्ष्मदर्शक कपाटावर पडून होता, आरशावर चालणारा. तो पुसून आम्ही लॅबच्या पायरीवर आणला. थेट सूर्य आरशात घेतला तर डोळा जायचा, म्हणून मी आरसा मोकळ्या आभाळाकडे वळवला आणि काचेवर निळ्या रंगाचा थेंब सोडला, म्हणजे बाकीचा कचरा निळा पडतो आणि अंडं आपला रंग सोडत नाही. बाबा पायरीवर उकिडवे बसले. दहा मिनिटांत अर्धा बाजार भोवती गोळा झाला. काय बघताय असं कोणी विचारलं की त्याला शेजारचा सांगायचा, "म्हशीचं शेण." आणि विचारणारा जायचा सोडून आणखी पुढे सरकायचा.

"हे पिवळं," बाबा म्हणाले. काच मी थोडी सरकवली. "हे बी पिवळं. हळदीसारखं. हे... थांब, मागं घे. हे पांढरं. काचेचं. दुसऱ्या घरचं हाय हे." पुन्हा सरकवली. "पिवळं. झाकण हाय ह्याला. पिवळं."

मी नंतर एकेक अंडं तपासलं. त्यांचं एकही चुकलं नव्हतं. पिवळी पुष्कळ, पांढरी दोन-तीन. म्हैस दोन्ही घरचे पाहुणे सांभाळून होती, पण मुक्काम काळजात होता. मला कॉलेजच्या परीक्षेत ह्यासाठी मार्क मिळाले होते, आणि हा माणूस भोवरे मोजता मोजता ते शिकून आला होता. मला त्यांचा फार अभिमान वाटला, पण आता पुढचा प्रश्न येणार होता.

तो रात्री जेवताना आला. "हे आत गेलं कसं?"

मी सांगितलं. सांगताना सोपं करावं म्हणून सासर-माहेर घेतलं, ती माझी चूक. "अंडं शेणातून पाण्यात पडतं. त्यातून केसाळ बाळ निघतं. त्याला काही तासांत गोगलगाय सापडली पाहिजे, नाही तर मरतं. गोगलगाय हे त्याचं माहेर. तिथे एकाची कितीतरी होतात. मग शेपट्या हलवत बाहेर पडतात, पोहत पोहत काठच्या गवताला जाऊन चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि बारीक गोळी होऊन बसतात. सासरची माणसं कधी न्यायला येतात त्याची वाट बघत. म्हशीने गवत खाल्लं की झालं लग्न. आतडं भोकसून ते काळजात जातं."

"आणि सासरी जाऊन काळीज खातं," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून आमटी वाढली. "बरोबर हाय."

"त्यात नवरा कोण, बायको कोण?" ह्यांनी विचारलं.

"एकाच किड्यात दोघं असतात."

"मग भांडायचं कोणाशी?"

बाबा हसले नाहीत. ताटातला भात तसाच होता. "कोणतं गवत?" ते म्हणाले.

"पाण्याच्या काठचं. डोहाच्या, ओहोळाच्या. जिथे गोगलगायी असतात तिथलं. बुडख्याकडचं जास्त."

"ओलं?"

"ओलं. वाळवलं की बरंच मरतं."

"बाकीच्या तिघींना काय नाय झालं."

"त्या माळावर चरतात. पेंढा खातात."

मी एवढं बोलायला नको होतं, पण बोललेलं मागे घेता येत नाही. त्यांनी फाल्गुनापासून कार्तिकापर्यंतचे सगळे भारे मनातल्या मनात मोजले असणार. ते ताटावरून उठले, हात धुतला आणि म्हणाले, "म्हंजे मीच भरवलं." एवढंच. मला रडू आलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काळीज खाणारी सून असूनही.

सकाळी ते ओहोळावर जाऊन आले. सासूबाईंच्या स्टीलच्या फुलपात्रात त्यांनी एक गोगलगाय आणली होती. ती ओसरीच्या कट्ट्यावर ठेवून तिच्यासमोर मांडी घालून बसले. गोगलगाय शिंगं बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होती. "एवढीशी हायस," ते तिला म्हणाले, "आणि तुझ्या घरी एवढा बारदाना?" मग तिला परत सोडायला गेले. ते फुलपात्र सासूबाईंनी लाल दोरा बांधून वेगळं ठेवलं. आमच्या घरात आता बऱ्याच गोष्टींना लाल दोरा आहे.

जनावरांचे डॉक्टर आले, औषध पाजलं. पंधरा दिवसांनी पिशवी उतरली. शेण बांधून आलं. पण बरगड्या होत्या तशाच होत्या, आणि जत्रा तोंडावर आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हिला टेम्पोत चढवायची नाही, अंगात रक्त नाही. ह्यांनी सुचवलं की आजारपणाचं सांगू, लोक समजून घेतील. मी सुचवलं की ह्या वर्षी जत्रेला जायलाच नको. सासूबाईंनी सुचवलं की टोपीऐवजी मफलर बांधा, मफलरची शपथ नव्हती. बाबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

जत्रेच्या दिवशी ते टोपीशिवाय घराबाहेर पडले.

डोकं गुळगुळीत होतं, आणि कपाळाच्या वर एकदम गोरं. इतकी वर्षं ऊन न लागलेलं. मी कुठे बघावं ते कळेना. म्हशाला पोचलो तर गंमत अशी झाली की बाबांना कोणी ओळखेचना. दरवर्षी पावलापावलाला रामराम घेणारा माणूस, आणि त्या दिवशी ओळखीचे लोक त्यांना धक्का देऊन पुढे जात होते. एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांनाच विचारलं, "ते मुरबाडकडचे बाबा दिसले का कुठं? टोपीवाले?" बाबा म्हणाले, "नाय आले." त्यांनी खोटं बोललेलं मी एवढंच ऐकलं आहे.

जनावरांच्या रांगेत शिरलो आणि मी थबकले. एक विकणारा ओरडत होता, "पिशवीवाला बैल. बघून घ्या, पिशवीवाला." पुढे दुसरा एकाला म्हशीची मान वर करून दाखवत होता. तिसऱ्या ठिकाणी दोघे जण एका गायीच्या जबड्याखाली हात घालून कुरकुरत होते की पिशवी लहान आहे, भाव कमी करा. बाबांनी टपरीवर, पायरीवर आणि बारशात जे पेरलं होतं, ते सगळं उगवून वर आलं होतं.

त्यांनी गप्प बसून परत यायचं ठरवलं असतं तर जगात कोणाला कळलं नसतं. डोक्यावर टोपी नव्हती, तेव्हा ते तिथे नव्हतेच. मी त्यांची बाही धरली, घरी चला म्हणून. त्यांनी ती सोडवून घेतली आणि सरळ पिशवीवाल्या बैलाजवळ गेले. त्याच्या गळ्याखाली अंगठा दाबला, काढला, आणि खळगा सगळ्यांना दाखवला.

"ही साठवण नाय," ते म्हणाले. आवाजावरून लोकांनी ओळखलं. हळूहळू गर्दी वळली. "हे पाणी हाय. रोग हाय. काळजात किडा असतो, पानासारखा. कार्तिकापासून मीच सांगत फिरलो, पिशवी बघून घ्या. ते खोटं हाय. मला कळलं नव्हतं आणि कळतंय म्हणून सांगितलं."

विकणारा चिडला. मागे कोणीतरी हसलं. "आणि ती म्हैस?" एकाने विचारलं. "तीच ना, वरीस काढणार नाय ती?"

"ती घरी हाय. तिला उभं राहवत नाय." बाबांनी बैलाच्या मानेवर हात ठेवला. "पण जनावर चांगलं हाय. भोवऱ्यात खोट नाय, म्हशीत खोट नाय. डोहाचं ओलं गवत मी चारलं तिला, लाडानं. खोट माझ्या हाताची हाय. तिला कोणी नाव ठेवायचं नाय."

गर्दीच्या कडेला दादा उभे होते. मला ते आधी दिसले नव्हते. जिंकलेला माणूस कसा उभा राहतो ते मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. दादा तसे उभे नव्हते. ते वाट काढत पुढे आले. आता भोवऱ्याचं काढणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"व्याही," ते म्हणाले, अगदी हळू, मला आणि बाबांनाच ऐकू जाईल असं. "त्या रोगाचं शेण किती लागतंय तपासायला?"

"कशाला?" बाबांनी विचारलं.

"कार्तिकात एक बैल घेतला. आटगावच्या पलीकडून." दादा जमिनीकडे बघत होते. "पिशवीवाला. भोवरे सगळे वाईट होते त्याचे. पण म्हटलं, व्याही सांगतात तर असंल."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. मग दोघे रांगेतून चालायला लागले, शेण कसं आणायचं, किती आणायचं ते बोलत. "दिव्याखाली बघू देऊ नका पोरीला," बाबा म्हणाले. "नाय हो," दादा म्हणाले, "उन्हातच." मी त्यांच्या मागून चालत होते. एक डोकं मुरबाडचं, एक खर्डीचं, दोन्ही सारखीच गोरी. माझ्या वडिलांचं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.